चारशे बारा कार्डांचा भूगोल

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावरच्या रद्दीसारखे ते आपले साठत जातात, आणि एक दिवस दुसरंच काहीतरी काढायला गेलं की डोक्यावर येतात. परवा भाचीनं विचारलं, "मावशी, तू म्हणे चंडीगढला कॉम्प्युटर शिकलीस. तेव्हा होते कॉम्प्युटर?" झालं. मी एक सांगायला गेले आणि मागून सगळेच आले. सांगता सांगता दमले बाप्पा. तेव्हाही दमलेलीच होते म्हणा.

तर सत्तरच्या दशकाचा शेवट. आम्ही अमरावतीचे. बाबा केंद्र सरकारच्या एका कचेरीत, त्यामुळे दर तीन वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर. चंडीगढला आलो तेव्हा मी नुकतीच बी.ए. झाले होते, आणि तिथल्या विद्यापीठात भूगोलाचं एम.ए. कॉम्प्युटरसोबत करायची नवी सोय निघाली होती. निम्मे पेपर भूगोलाचे, निम्मे कॉम्प्युटरचे आणि शेवटी दोन्ही मिळून एक प्रबंध. त्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर दोन सह्या लागायच्या. एक भूगोलाच्या गिल सरांची, एक कॉम्प्युटरच्या माथुर सरांची. एक जरी नसली तरी पदवी नाही.

आणि हे सगळं बाबांची पुढची बदली यायच्या आत. मला एकटीला हॉस्टेलात ठेवून घरचे पुढच्या गावी जाणार नाहीत, हे मला न विचारताच ठाऊक होतं.

या सोयीचा फायदा घेणारे आमच्या वर्षी किती जण होते? एक. मी.

* * *

भूगोल विभाग कॅम्पसच्या एका टोकाला आणि कॉम्प्युटर सेंटर दुसऱ्या टोकाला. मंगळवारी दहाचा तास दोन्हीकडे असायचा. मी एक मंगळवार इकडे काढायची, एक तिकडे. भूगोलाच्या मुली मला "कॉम्प्युटरवाली" म्हणायच्या आणि सेंटरमधली मुलं "भूगोलवाली मॅडम". दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसं माझं चाललं होतं. दोन्हीकडे हजेरी अर्धी, आणि परीक्षेला बसायला पाऊण लागायची.

नोटीस दोन्हीकडून आली. मी दोन्ही कागद घेऊन ऑफिसात गेले. तिथल्या बाबूंनी दोन्ही नीट वाचले, शेजारी शेजारी ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "मैडम, ये तो आपको फॉर्म भरते वक़्त लिखना चाहिए था, कि आप एक टाइम पे दो जगह हाज़िर नहीं हो सकतीं."

मी विचारलं, "फॉर्म में ऐसा कॉलम है क्या?"

"कॉलम तो नहीं है," ते म्हणाले. "आज तक किसी को ज़रूरत नहीं पड़ी."

पुढच्या महिन्यात गिल सरांनी आपला तास साडेअकराला नेला. माझ्यासाठी नेला असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे थंडीत दहाला त्यांच्या वर्गात ऊन येत नसे.

* * *

आता कार्डांचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तेव्हा कॉम्प्युटरला काही सांगायचं तर जाड कागदाच्या लांबट कार्डावर मशीननं भोकं पाडून सांगावं लागायचं. माझा प्रबंध पंजाबातल्या चारशे बारा गावांचा. पाऊस किती, विहिरीचं पाणी किती फुटांवर, गहू किती, मका किती. एका गावाचं एक कार्ड. कॉम्प्युटरनं ही गावं बघून सारखी सारखी गावं एकत्र करायची आणि पंजाबचे शेतीचे विभाग पाडून द्यायचे. काय करायचं ते सांगणारी, म्हणजे प्रोग्रामची, आणखी दोनशे कार्डं. सगळा गठ्ठा रबरबँड लावून सेंटरच्या खिडकीवर द्यायचा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी बाराला. दिवसाला एकच खेप. एक कार्ड चुकलं की दिवस गेला.

खिडकीवर बलबीरजी बसायचे. मोठा भला माणूस. कोणाचं काम चुकलं असं ते कधीच तोंडानं म्हणत नसत. आलेल्या कागदांचा गठ्ठा हातात तोलून म्हणायचे, "आज पतला है जी." पातळ म्हणजे एकच पान, आणि एकच पान म्हणजे नापास. मला सलग सात आठवडे पातळ आलं. घरात शिरले की आई चेहऱ्याकडे बघून विचारायची, "काय गं, आजही नाही म्हणून राहिलं का ते मशीन?" आणि धाकटी बहीण मिनू, जिला मराठी सगळं कळायचं पण बोलायची हिंदी, ती आतून ओरडायची, "पतला?"

मग एका शुक्रवारी बलबीरजींनी दोन्ही हातांनी उचलून गठ्ठा दिला. उशीएवढा जाड! खिडकीवरची सगळी मुलं बघत राहिली. कोणीतरी टाळी वाजवली. मी गठ्ठा न उघडताच कँटीनमधून बेसनाचे लाडू आणले आणि सगळ्यांना वाटले. बलबीरजींना दोन दिले.

मग उघडला. पहिल्या पानावर पहिल्या गावाचं नाव होतं. दुसऱ्या पानावर पहिल्या गावाचं नाव होतं. शंभराव्या पानावरही तेच. पुढच्या गावाला जा, हे सांगायचंच मी विसरले होते, म्हणून मशीन कागद संपेपर्यंत तेच एक गाव छापत बसलं.

बलबीरजींनी तोंडातला लाडू संपवला आणि म्हणाले, "चलो जी, मोटा भी ख़राब होता है, ये आज पता चला."

* * *

बाबांना एकदा मशीन बघायचं होतं. मे महिना, बाहेर लू चाललेली. सेंटरच्या दाराशी चपला काढायला लावल्या. आत शिरलो तर अंगावर काटा यावा इतकी थंडी. काचेपलीकडे मशीन, आणि त्याच्यासमोर स्वेटर घातलेला एक माणूस.

बाबांनी बराच वेळ बघितलं. त्यांच्या कचेरीत सहा माणसांत एक पंखा होता आणि तोही मान न फिरवणारा. त्यांनी बलबीरजींना विचारलं, "इसको इतना ठंडा क्यों लगता है?"

"गर्मी में ग़लती करती है जी," बलबीरजी म्हणाले.

बाहेर येऊन चपला घालताना बाबा म्हणाले, "सरकारी नोकरीत यायचं तर माणसानं मशीन होऊन यावं."

* * *

आता बसमधला किस्सा. हा सांगताना आजही माझी पाठ दुखते.

सेक्टर सतराच्या स्टँडवर उतरताना कोणाचा तरी धक्का लागला, रबरबँड तुटला आणि सहाशे कार्डं बसच्या पायऱ्यांपासून रस्त्यापर्यंत पसरली. गावांची कार्डं मागेपुढे झाली तर चालतं, पण प्रोग्रामची कार्डं एकामागून एक त्याच क्रमानं लागतात. बलबीरजींनी शंभरदा सांगितलं होतं, की गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलनं एक तिरकी रेघ ओढून ठेवा, मग सांडला तरी रेघ जुळवत लावता येतो. मी रेघ ओढली नव्हती. कोणी ओढतं का हो, सांडण्याआधी?

ड्रायव्हरनं बस थांबवून धरली. अख्खी बस खाली उतरली. बायका, म्हातारे, सगळे वाकून वेचायला लागले. त्यात चंडीमंदिरच्या लष्करी छावणीकडून येणारे एक रिटायर्ड सुभेदार होते, मिशांना पीळ दिलेले. त्यांनी सगळ्यांकडून कार्डं आपल्या ताब्यात घेतली, बाकावर बसले आणि म्हणाले, "बेटी, फ़िकर नहीं. लाइन में लगा के देंगे."

मी म्हणाले, "अंकलजी, ऐसे ही दे दीजिए." ऐकतात कुठले. वीस मिनिटं खपून त्यांनी सहाशे कार्डं लावली, कडा ठोकून सरळ केल्या, स्वतःच्या रुमालानं बांधली आणि माझ्या हातात दिली.

"कैसे लगाईं?" मी विचारलं.

"ज़्यादा छेद वाले आगे, कम छेद वाले पीछे," ते म्हणाले, आणि त्यांनी मला चक्क सलाम केला.

मीही केला. काय करणार? रुमाल देऊन टाकला होता त्या माणसानं.

घरी येऊन बाहेरच्या खोलीत जमिनीवर सगळी कार्डं मांडली आणि क्रम लावत बसले. तीन दिवस लागले. तीन दिवस घरात पंखा बंद, कारण वाऱ्यानं कार्ड हललं की परत सुरुवात. जून महिन्यात. शेजारच्या खेर मावशी आल्या, दारातूनच बघितलं आणि आईला हळूच विचारलं, "काही व्रत आहे का हो?"

आई पदरानं वारा घेत म्हणाली, "हो ना. एम.ए.चं."

* * *

दिवाळीनंतरची गोष्ट. माझं काम एकदाचं सुरळीत चालायला लागलं होतं. कॉम्प्युटरनं चारशे बारा गावांचे पाच विभाग पाडले. चार विभागांत मिळून चारशे अकरा गावं, आणि पाचव्या विभागात एकच. चंडीगढजवळच्या खरड गावाच्या अलीकडचं एक लहानसं गाव, सगळ्या पंजाबाहून वेगळं.

माथुर सर खूश झाले. माथुर सर एरवी कशानेच खूश व्हायचे नाहीत. "ये देखो," ते म्हणाले, "ये हाथ से कभी नहीं निकलता. मशीन ने पकड़ा है. इस पे अलग चैप्टर लिखो." मी आठ पानं लिहिली. भूगर्भातल्या खडकांपर्यंत जाऊन आले मी त्यात.

ती आठ पानं गिल सरांपुढे ठेवली. गिल सर म्हणजे उंच, पांढऱ्या दाढीचे, बावीस वर्षं सायकलवरून पंजाब हिंडलेले. त्यांना सेंटरचं काहीच पटत नसे. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "इस गाँव में कुएँ का पानी आठ सौ बयालीस फुट पे है?"

"जी सर."

"मेरी बहन वहीं ब्याही है," ते म्हणाले. "बाल्टी से निकालती है."

घरी येऊन ते कार्ड शोधून उजेडात धरलं. त्यावर पेन्सिलनं आईच्या अक्षरात लिहिलं होतं: तूरडाळ, रवा, गूळ, हिंग लहान डबी. एका भोकाच्या कडा फाटलेल्या होत्या.

आईनं कबूल केलं. टेबलावरचं एक कार्ड तिनं यादीसाठी घेतलं होतं, वाण्याकडे दिलं होतं, आणि "तुझं असेल म्हणून" दुसऱ्या दिवशी आठवणीनं परतही आणलं होतं. मधल्या वेळात वाण्यानं ते त्याच्या पद्धतीप्रमाणे चिठ्ठ्यांच्या लोखंडी सळईत खोचलं होतं. सळई बरोब्बर बेचाळीसच्या आधीच्या रिकाम्या जागी गेली, आठच्या घरात. मशीननं वाचलं आठशे बेचाळीस.

मला आईचा राग आला, आणि राग करायला काही जागाच नाही म्हणून जास्त आला. आई एवढंच म्हणाली, "इतकी भोकं होती त्यात. एकानं काय होते, मला वाटलं."

नवं कार्ड करून दिलं तेव्हा विभाग चारच उरले, आणि माझी आठ पानं गेली. बलबीरजींना हे सांगितलं तर त्यांनी मान डोलावली. "आठ सौ बयालीस फुट," ते म्हणाले. "इतने में तो तेल निकल आता जी."

* * *

जानेवारीत बाबांची बदली आली. गुवाहाटी. एप्रिलअखेर रुजू व्हायचं.

आता नकाशा राहिला होता. भूगोलात नकाशा शाईच्या बारीक निबानं हातानं काढायचा हा रिवाज. गिल सरांच्या विभागात मुली एका नदीला दोन-दोन दिवस घालवायच्या. माथुर सर म्हणाले, नाही, नकाशाही मशीनच काढेल. मशीनला रेघ येत नव्हती, त्याला फक्त अक्षरं छापता यायची. म्हणून एका विभागात टिंबं, दुसऱ्यात फुल्या, तिसऱ्यात शून्यं, असं करून पंजाब भरायचा. कागदाची रुंदी पुरली नाही, त्यामुळे पंजाब तीन पट्ट्यांत आला. आईनं मैद्याची खळ करून दिली, त्यानं मी पट्ट्या जोडल्या आणि गुंडाळी करून गिल सरांकडे नेली.

त्यांनी टेबलावर पसरली, कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवली. बराच वेळ बोटानं सतलजवरून फिरले. अक्षरांची नदी, तिला वळण कुठून येणार? एक घर खाली, दोन घरं बाजूला, एक घर खाली.

"बेटा," ते शेवटी म्हणाले, "तुमने दरिया को सीढ़ियों से उतार दिया."

आणि गुंडाळी करून परत दिली. सही केली नाही. "जो चीज़ मैंने देखी नहीं, उस पे मैं दस्तख़त नहीं करता. तुम्हारी मशीन ने अंदर क्या किया, मैंने नहीं देखा."

माथुर सरांकडे गेले. ते म्हणाले, "सब्जेक्ट उनका है. पहले वो करें, फिर मैं."

मार्च सगळा मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालण्यात घालवला. घरी खोकी भरणं चाललं होतं. आईनं एकदाच विचारलं, "नाहीच झालं तर?" मी म्हटलं, "तर काय. दोन वर्षं मंगळवारी चालले, असं सांगायचं." आई हसली नाही. मलाही हसू आलं नव्हतं.

* * *

तोंडी परीक्षा आम्ही गुवाहाटीला निघायच्या पाच दिवस आधी होती. माथुर सरांच्या खोलीत एका बाजूला माथुर सर, दुसऱ्या बाजूला गिल सर आणि मध्ये बाहेरून आलेले परीक्षक, बनारसकडचे, पान खाऊन आलेले. प्रबंधाचं पहिलं पान टेबलावर होतं, सह्यांच्या दोन्ही जागा रिकाम्या. परीक्षकांनी ते पान उचलून बघितलं आणि खाली ठेवलं. "ये क्या है भाई? गाइड ही राज़ी नहीं, तो मैं क्या पूछूँ?"

मग गिल सर म्हणाले, "नक़्शा अभी मत खोलना," आणि मला पंजाबचा कोरा नकाशा मागितला. माझ्या पिशवीत होता. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

ते रेघ ओढायला लागले. ओढताना तोंडानं पुटपुटत होते. इथपर्यंत पाणी वर आहे. या गावानंतर मका बंद होतो. इथे एकदा सायकल पंक्चर झाली होती, त्या विहिरीचं पाणी खारट, म्हणजे रेघ या बाजूनं. मध्येच थांबायचे, डोळे मिटायचे, परत सुरू. चहा आला, गार झाला. अर्ध्या तासात चार विभाग झाले.

"अब खोलो."

मी गुंडाळी सोडली. टिंबं, फुल्या, शून्यं, खळीचे डाग. त्याच्या शेजारी त्यांनी आपला कागद ठेवला. परीक्षक उठून वाकले. माथुर सर उठून वाकले. पहिल्या रेघेवरून बोट फिरलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. चौथीलाही कुठे एका गावाचा फरक नव्हता.

माथुर सरांचा चेहरा फुलला. मला मात्र परीक्षक आता काय विचारणार ते दिसत होतं.

त्यांनी तेच विचारलं. "गिल साहब, ये सब तो आपको पहले से मालूम था. आधे घंटे में बना दिया. तो इस लड़की ने दो साल किया क्या?"

माथुर सर घाईनं म्हणाले, "इसने मशीन टेस्ट की है, सर."

"नहीं जी," गिल सर म्हणाले. त्यांनी पेनचं टोपण काढलं, पहिलं पान पुढे ओढलं आणि सही केली. सावकाश, पूर्ण नावाची. मग ते पान माथुर सरांकडे सरकवलं.

"मेरी जाँच की है इसने. बाईस साल में किसी ने नहीं की थी. मैं पास हो गया."